पाणी गोडं की खारं

४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी खाली बस, मग पुढचं वाच. मी बोट घ्यायची म्हणतेय. शिडाची, फायबरची, माझ्या नोकरीइतकी जुनी. वॉर्डात सांगितलं तर सगळ्या म्हणाल्या, सिस्टर, निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्याला पट्टा घेतात, तुम्ही बोट कसली घेताय. हसू देत. निमुळतं शेपूट, आत झोपण्यापुरती दोन बाकं, एक शेगडी, आणि डोलकाठी अशी सरळ की बघताना आपलीच पाठ ताठ होते.

मालक भूगोलाचे निवृत्त मास्तर. नजर अधू झाली म्हणून विकतायत, नाहीतर कुणाला हात लावू दिला नसता. त्यांच्याबरोबर तीन हंगाम मी शिडं ओढलीत, तेव्हा अगदीच कोरी नाही. समुद्र ओलांडायला निघालेले नाही रे. किनारा नजरेत ठेवून या बंदरातून त्या बंदरात जायचं, एवढीच हौस.

जन्मभर लोकांच्या बोटी तपासल्यास, आता बहिणीची तपास. तू नको म्हणालास तर घेणार नाही, हा माझा शब्द. पण उगाच खोड काढू नकोस, मी तुला चांगली ओळखते. तुला नाव ठेवायला जागाच नको म्हणून मास्तर आणि मी बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसलं आणि सगळं साबणाने घासून लख्ख केलं. माझी ड्यूटी आहे, मी तिथे नसेन. किल्ली मास्तरांकडे.

माया आहे तेवढी ठेव, थोडी वाढवलीस तर मला ओझं होणार नाही.

तुझी,
ताई

९ ऑक्टोबर, बोटीवरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, काय केलंस हे. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात, तपासणारा येणार म्हणून बोट आवरत नाहीत. तळात साचलेलं पाणीच तर मला बघायचं होतं. ते खारं असलं तर समुद्र आत येतोय, म्हणजे खालून कुठेतरी बोट फुटलीय आणि विषय संपला. गोडं असलं तर वरून पाऊस गळतोय, ते किरकोळ. तू सगळा पुरावा साबण लावून धुऊन टाकलास. आता पुन्हा पाणी साचेपर्यंत माझा मुक्काम इथेच. उभ्या जन्मात इतक्या बोटी तपासल्या, पण एकीतही झोपलो नव्हतो. तुझ्या कृपेने तेही झालं. मास्तर सकाळी चहा-पाव घेऊन येतात आणि तुझं कौतुक ऐकवत बसतात.

बाकी सगळं पाहून झालं. लाकडी हातोडीने इंच न् इंच ठोकला. आतले थर सुटले असले की आवाज बद्द येतो, इथे सगळीकडे खणखणीत. त्या काळी फायबर नवीन होतं, कारागिरांचा त्यावर भरवसा नव्हता, म्हणून भीतीपोटी त्यांनी दुप्पट जाड थर दिलेत. त्या भित्र्या माणसांच्या पाया पडावंसं वाटलं. डोलकाठीच्या बुडाशी टाच आपटून पाहिली, डेक दबत नाही. सुकाणू दोन बोटांनी फिरतं. इतकी मनापासून केलेली बोट मी फार वर्षांत पाहिली नाही.

आणि खरं सांगायचं तर मी खोड काढायलाच आलो होतो. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. तू एकटी पाण्यावर आहेस हे डोळ्यांपुढे आलं की माझी झोप उडते. आता सगळं त्या पाण्यावर आहे.

राग असला तर तो पाठव, पण लोभासकट.

तुझा,
धाकटा

१२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

धुतला पुरावा, बरं. सगळा जन्म वॉर्डात गेला, घाण दिसली की हात आपोआप चालतात. यापुढे तुझ्या परवानगीशिवाय फडकं उचलणार नाही.

तुझी काळजी कळत नाही असं नाही. पण मला पाण्यावर एकटं असण्याची भीती वाटत नाही, खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहायची वाटते. मी खूप जणांना तसं बसलेलं पाहिलंय.

पाणी कसलंही निघो, तू लिहिशील ते मी मानीन. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. अंगावर पांघरूण घेत जा, खाडीचा वारा वाईट.

आहेस तसाच राहा, आणि माझाच राहा.

तुझी,
ताई

१५ ऑक्टोबर, बोटीवरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा मास्तरांनी मला बाहेर नेलं. वारा भरला तशी बोट कलली आणि मग त्या कलण्यातच स्थिर होऊन अशी निघाली की मास्तरांनी सुकाणूवरचा हात काढला तरी वाट सोडेना. मी काठावर ओणवा होऊन पोटातलं सगळं समुद्राला दिलं, पण तिचं कौतुक थांबवलं नाही.

काल दुपारी पावसाची सर येऊन गेली. आज सकाळी तळाची फळी उचलली तर ओंजळभर पाणी. करंगळी बुडवून जिभेला लावली तर तुझा साबणच लागला. मग सगळं टिपून घेतलं आणि थांबलो. दुपारी पुन्हा सर आली, पुन्हा थोडं साचलं, पुन्हा चाखलं.

चाखून तिथेच बसून राहिलो, ताई. खोटं लिहायला खारं, एवढा एकच शब्द पुरे होता. तू मानलं असतंस, मी कधीची सुचवतोय ती माझ्या शेजारची खोली निमूट घेतली असतीस, आणि मी सुखाने झोपलो असतो. तू मात्र खिडकीशी बसली असतीस. कागद समोर घेतला, पण माझ्याने लिहवेना.

पाणी गोडं आहे. डोलकाठीची तार डेकला जिथे धरलीय, त्या पट्टीखाली बारीक फट आहे, तिथून पाऊस उतरतो. ती मी माझ्या हाताने बुजवतो आणि मगच इथून हलतो. बोट घे.

प्रत्येक बंदरातून पत्र टाक. शाळेतून यायला मला जरा उशीर झाला की तू फाटकाशी येऊन उभी राहायचीस, आणि मित्रांसमोर मला त्याचा राग यायचा. आता तुझ्या पत्राला उशीर झाला की मी फाटकाशी उभा राहीन. तू खुशाल रागाव.

लोभ घरी ठेवून जाऊ नकोस, बरोबर ने.

तुझा,
धाकटा