मागणीपत्रात न लिहिलेलं काम

माय, आज भाषण देऊन आलो आणि लय थकलोय. सत्तरी उलटली, बोलायचा कंटाळा येतो, तरी लोक बोलावतात. विषय तोच, बाईचं काम आणि मालकाचा नफा. बोलता बोलता मानवतच्या जिनिंगमधून येणारी तू दिसत राहिलीस, भुवयांवरसुद्धा कापूस चिकटलेला.

तेव्हा मी कॉलेज सोडून युनियनच्या मागं लागलेलो, मोठा शहाणा. संप ठरलाय, आपल्या अंगणात सभा आहे. बा आणि त्याच्यासोबतचे हमाल घोंगडीवर बसलेत, मी मागणीपत्र लिहायलोय. बायांना पुरुषांएवढी मजुरी द्या, हे मीच लिहिलं. आणि त्याच बायांना मी चहाला लावलं होतं, त्यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यातही आलं नाही. दिवसभर कापूस निवडून आलेली तू खोकत कपबशा घेऊन आलीस आणि तिथंच उभी राहिलीस.

"घरच्या कामाचंबी लिव्ह की."

"ते घरचं हाय, माय. मालकाचा त्यात काय संबंध?"

"तुझ्या बापाला रोज खाऊ घालून कामाला उभं कोण करायलंय? मीच की. मालकाला आयता गडी मिळायलाय. मग माझी चूल कागदावर का न्हाई?"

मी हसलो. म्हणालो, आधी क्रांती होऊ दे, मग तुझ्या चुलीचं बघू. सगळे हसले, बा सगळ्यात जास्त. तू कपबशा गोळा केल्यास आणि आत गेलीस. संपात आम्ही बापेलोक घरी बसून होतो, तुझं काम उलट वाढलं. मजुरी थोडी वाढली, पण तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. पुढं त्याच खोकल्यानं गेलीस.

बऱ्याच वर्षांनी एका जाड पुस्तकात तुझंच बोलणं सापडलं, अवघड शब्दांत. तेव्हापासून मी तेच सांगत फिरतोय, त्यावर माझं नाव झालं.

आज भाषणानंतर एका पोरीनं विचारलं, "सर, हे चुलीचं तुम्ही कुठं वाचलं?" मी त्या पुस्तकाचं नाव सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. माझ्या अडाणी मायनं सांगितलं, एवढं म्हणायची मला आजही लाज वाटली.