प्रकाशाला जायचं राहिलंय

ब्राह्मणपुरी,
संक्रांतीनंतरचा बुधवार

प्रिय ललित,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, म्हैस तेवढी आटली आहे. फोनवर हे बोलायची सोय नाही म्हणून लिहितोय. आपला फोन तुझी आई स्पीकरवर ठेवते, आणि मी नुसतं 'हं' म्हणालो तरी त्यात काय दडलंय ते तिला कळतं. पानं लिहून झाली की मळ्यात जाऊन त्यांचे फोटो काढीन, तुला पाठवीन आणि लगेच फोनमधून उडवून टाकीन. तूही वाचलंस म्हणून तिच्यासमोर बोलू नकोस. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, पुढचा. एवढं सलग लिहायची सवय नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आम्ही काशीला जाऊन आलो हे तुला माहीत आहे. फोटो तू पाहिलेस आणि वर केलेला अंगठा पाठवलास. पण जे सांगायचं ते फोटोत आलेलं नाही, कारण त्या वेळी कुणाचा हात मोबाईलकडे गेलाच नाही.

शहाद्याचा वीरसिंग आता यात्रा नेतो. त्याच्या कागदावर काशीपुढे लिहिलं होतं, 'अर्धा दिवस, गाइडसह, चहा-नाश्ता धरून'. म्हटलं, ज्या गावात लोक मरायला येऊन वर्षानुवर्षं बसतात, ते गाव हा पठ्ठ्या दुपारच्या जेवणाआधी उरकतो! आपल्या गावातून आम्ही दोघं, शेजारची गजराबाई आणि माझ्याबरोबर काट्यावर असलेला शिवाजी. बाकी मंडळी आसपासच्या गावांची. नंदुरबारला गाडीत बसलो तेव्हापासून डब्यात कळण्याच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास. समोरच्या बाकावर एक उत्तरेकडचं कुटुंब होतं. भुसावळ येईतो त्यांनी नाकाला रुमाल लावला होता, आणि इटारसीनंतर तेच ठेचा मागायला लागले.

गाइड तिवारी नावाचा. कमरेला स्पीकर बांधलेला, हातात मिटलेली गुलाबी छत्री. छत्री वर केली की थांबायचं, खाली केली की चालायचं. प्रत्येक कोपऱ्यावर तो आम्हाला म्हशींसारखं मोजायचा आणि प्रत्येक वेळी शिवाजी कमी भरायचा, कारण तो बिडी ओढायला मागे राहिलेला असायचा. कालभैरवापुढे तिवारीने एक विनोद केला, आम्ही हसलो. तेवढ्यात मागून दुसरी टोळी आली, तिच्या गाइडने तोच विनोद त्याच पायरीवर केला आणि तेही हसले. विश्वनाथाचं दर्शन डोळे मिटून उघडेपर्यंत झालं. मी मिटले, उघडले तेव्हा समोर पोलीस होता. मला तिवारी आवडला. आपलं काम चोख करायचा आणि त्यात जीव अडकवून घ्यायचा नाही. मीही काट्यावर असाच होतो.

तुझ्या आईचं मात्र लक्ष कुठेच नव्हतं. गाभाऱ्यात तिने हात जोडले, पण ओठ हलले नाहीत. एरवी देवळात तिचं मागणं इतकं लांबतं की मला बाहेर चपला धरून कंटाळा येतो. आणि त्या मागण्यात दुसरं काही नसतं रे. तू ये, एवढंच असतं.

तुला जाऊन सहा वर्षं झाली. तुझ्याशी भांडण असतं तर मिटवता आलं असतं. भांडणच नाही, तर मिटवायचं काय? हेमांगीच्या घरच्यांनी साखरपुडा मोडला, गावात तोंड दाखवणं तुला जड झालं, तू दुबईची नोकरी धरलीस. मला ते तेव्हाही समजलं होतं. पण ललित, गाव एखाद्यावर दोन महिने बोलतं, मग त्याला बोलायला दुसरा कुणी मिळतो. हेमांगी नवापूरला सुखात आहे, तिच्या नवऱ्याचा कोंबड्यांच्या खाद्याचा धंदा आहे, पोरगं शाळेत जातं. परवा हळदीकुंकवाला माहेरी आली होती, आपल्याकडेही येऊन गेली. तुझं विचारून गेली, अगदी सहज. त्या जुन्या गोष्टीची आठवण आता फक्त तुला आहे. दर दिवाळीला तू म्हणतोस पुढच्या दिवाळीला नक्की. त्यातली करोनाची वर्षं मी सोडून देतो. उरलेल्यांचं काय?

तुझी आई वाट कशी बघायची हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. नंदुरबारहून येणारी शेवटची एसटी फाट्यावरून पुढे गेल्याचा आवाज आल्याशिवाय ती फाटकाची कडी लावायची नाही. भरताची वांगी पहिल्या तोडणीची निघाली की चार बाजूला ठेवायची आणि ती सुरकुतली की गुपचूप म्हशीपुढे टाकायची. सारंगखेड्याच्या जत्रेत स्वतःला बांगड्या घ्यायची नाही, पण तुझ्या होणाऱ्या बायकोसाठी दरसाल एक साडी. पेटी भरली, मग माझ्या कपाटावर आक्रमण झालं. तुझ्या सुट्टीच्या दिवसांत कुणाच्या लग्नाला मुक्कामी जायची नाही. सुरतेला तिचा सख्खा भाऊ आजारी होता, तरी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. ही काशीसुद्धा याच कारणाने लांबत गेली. पोर आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?

या धनत्रयोदशीला तू परत पुढच्या वर्षाचं बोललास. फोन ठेवून तिने पणत्या लावल्या. रडली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, वीरसिंगला आपली दोन नावं सांगा. मला वाटलं, चला, बाईला हवापालट होईल. मी किती शहाणा बघ.

दर्शन आटोपल्यावर तिवारीने आम्हाला नावेत बसवलं. धुकं होतं, ऊन नुकतं वर येत होतं. हा भोसले घाट, हा अहिल्याबाईंचा घाट, देखिए आपके महाराष्ट्र का, असं म्हणत तो छत्रीने दाखवत होता आणि आम्ही माना डोलावत होतो. मणिकर्णिकेवर चिता जळत होत्या, तिथे सगळ्यांनी हात जोडले. मग त्याने नेहमीचं सांगितलं, की काशीला आलेल्याने आपली आवडती एक वस्तू गंगेत सोडायची असते, आणि सोडली की जन्मात परत घ्यायची नाही. ज्याने त्याने मोठ्याने बोला, गंगा साक्षी आहे.

आता आपल्या माणसांची गंमत ऐक. गजराबाई ताबडतोब म्हणाली, मी कारलं सोडं. कारलं तिने उभ्या जन्मात तोंडाला लावलेलं नाही. एकाने मुळा सोडला. शिवाजीने बिडी सोडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि घाट चढून वर गेल्याबरोबर त्याने टपरीवर नवं बंडल घेतलं, वर म्हणतो गंगेत सोडली ती वेगळ्या छापाची होती. मी दुधीभोपळा सोडला. तुझ्या आईने माझ्याकडे असं बघितलं की पुढचा घाट मी पाहिलाच नाही. दर मंगळवारी ती दुधी करते आणि दर मंगळवारी मी तोंड वाकडं करतो, हे नावेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं.

मग तिची पाळी आली. तिने ओंजळीत पाणी घेतलं. मला वाटलं भरीत सोडते की काय, म्हणजे माझ्याही पोटावर पाय. ती म्हणाली, "मी मन्हा ललितनी वाट देखनं सोडी दिधं." आणि ओंजळ उलटी केली.

कुणी हसलं नाही. गजराबाईने पदर तोंडाला लावला. नावाड्याला समजलं नाही आणि तिवारीलाही नाही. तो म्हणाला, बहुत अच्छा माताजी, और यह देखिए टेढ़ा मंदिर. आम्ही सगळ्यांनी ते कललेलं देऊळ बघितलं. मी तर नको इतका वेळ बघितलं.

त्यानंतर ठरल्याप्रमाणे तिवारीने साडीच्या दुकानात नेऊन बसवलं. तुझ्या आईने पोपटी रंगाची साडी काढली. मी पिशवी उघडून धरली, म्हटलं ही कपाटात कुठे मावणार. तर म्हणते, ही माझी आहे. संक्रांतीला ती नेसली. चांगली दिसत होती, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यापासून फाटकाला दिवेलागणीलाच कडी. एसटी जाते, ती मान वळवत नाही. वांगी निघाली, सगळ्यांचं भरीत झालं. पेटीतल्या साड्यांतल्या दोन तिने गजराबाईच्या भाचीच्या लग्नात आहेर करून टाकल्या. मागच्या रविवारी तुझा फोन वाजला तेव्हा ती पीठ मळत होती. पूर्वी पिठाच्या हातानेच उचलायची, फोनच्या काचेवर बोटं उमटायची. या वेळी म्हणाली, उचला हो तुम्ही, माझे हात खराब आहेत. मग हात धुऊन आली, तुझ्याशी नीट बोलली, जेवलास का विचारलं. 'कधी येशील' तेवढं विचारलं नाही. तुला बरं वाटलं असणार. आई आता शांत झालीय, असं तू मला म्हणालासही.

शांत झालीय खरी. तिला झोप लागते, दोन घास जास्त जातात, गजराबाईबरोबर शहाद्याला बाजारात जाते आणि उशिरा येते. रडली असती तर मी समजूत काढली असती. ही हसतेय, आणि मला भीती वाटते. कारण तू आता आलास, तर ती तुला वाढेल, विचारपूस करेल, आणि भाच्या-पुतण्याला करते तशी पाठवणी करेल. कुणावर रागावलेली नाही ती. तिने हिशेब मिटवलाय.

आता हे सगळं का लिहिलं ते. काशीत सोडलेलं परत घेता येत नाही, आणि तुझी आई नियमाची पक्की आहे. पण आपल्याकडे अजून एक नियम आहे, तो तिवारीला माहीत नव्हता. काशी केली तरी प्रकाशा गावी तापीवर जाऊन केदारेश्वराला काशीहून आणलेलं गंगेचं पाणी घातल्याशिवाय काशी पुरी होत नाही. पाण्याचा गडू देव्हाऱ्यात तसाच बंद आहे. दर सोमवारी ती विचारते, आज जाऊत का प्रकाशाले? आणि दर सोमवारी मी काहीतरी सांगतो. एकदा गाडीचं चाक पंक्चर, एकदा गुडघा, एकदा ऊसतोडीच्या गाड्यांनी रस्ता भरलाय म्हणालो. देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस मी, पण गजराबाईला आडून आडून विचारून खात्री करून घेतली, की अपुऱ्या काशीत सोडलेलं पुरतं सुटत नाही. आता तिने महाशिवरात्र धरली आहे. त्या दिवशी गुडघा दुखून चालायचं नाही, ती गजराबाईबरोबर एसटीने जाईल. तेव्हा यायचं असेल तर त्याआधी ये, आणि न कळवता ये. कळवून आला नाहीस तर मग गंगाही पुरणार नाही. सुरतेला विमान उतरतं, तिथून नवापूरवरून नंदुरबार, आणि शेवटची एसटी अजून त्याच वेळेला फाट्यावर थांबते. यायचंच नसेल, तर तेही मला सरळ सांग. मी स्वतः तिला गाडीवर मागे बसवून प्रकाशाला नेईन, पाणी घालू देईन, आणि तिची झोप मोडेल असं पुन्हा काही बोलणार नाही. मात्र माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नकोस. वाट बघणं तिने सोडलंय. मी काशीत फक्त दुधीभोपळा सोडला.

तुझाच,
आप्पा