औषध आणायला गेलेली बाई

अण्णा, तुम्ही मला खोटं वाचून दाखवलं होतंत, हे काल दुपारी कळलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आता धरून विचारायचीही सोय नाही.

काल रविवार. लोअर परळच्या आमच्या घरात नवऱ्याला सध्या खूळ लागलंय. पडदे ओढायचे, जुने मूकपट लावायचे आणि स्वतः कॉकटेलं करायची. जिन, कोकमाचं आगळ, वर मिरचीचा काप, सगळं खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून. मी आधी वास घेते, मग घोट. "पोलिसात जायला हवी होतीस तू," तो म्हणतो. दुधात पाणी आहे का, ते मी अजून बोट बुडवून बघते. माझा स्वभाव तुम्ही जाणता. शेजारी सासूबाई, त्यांच्या पेल्यात नुसतं आगळ आणि पाणी. आणि समोर नेमका तोच पिक्चर लागला. ठाकूरद्वारच्या खोलीत खिडकीला सतरंजी ठोकून, ऑफिसच्या हौशी मंडळाचा प्रोजेक्टर आणून तुम्ही पलंगपोसावर दाखवला होतात, तो. तुमच्या हातात स्टीलचा पेला. त्यात काय आहे विचारलं की "औषध" म्हणायचात. त्याचा वास मला तेव्हाही खटकला होता.

पिक्चरमधली बाई झोपलेल्या मुलीच्या उशाशी चिठ्ठी ठेवते आणि दाराबाहेर पडते. पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात. मी पाच वर्षांची, तुमच्या मांडीवर. "काय लिहिलंय, अण्णा?" "मुलीला ताप आलाय, औषध आणायला जाते म्हणते." मग माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा तुम्ही रीळ गुंडाळत होतात. "आली का ती?" "आली की! तू झोपली होतीस तेव्हा."

काल ती अक्षरं मी स्वतः वाचली. माझी वाट पाहू नका, एवढंच आहे तिथे. ताप नाही, औषध नाही. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं म्हणावं, तर दिवसभर साहेबाची इंग्रजी पत्रं टाइप करणारे तुम्हीच. मी हातातला पेला खाली ठेवला. कारण आई त्याच वर्षी गेली होती, आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलेली तिची चिठ्ठीही तुम्हीच मला वाचून दाखवली होतीत. "मामाकडे जाते. पोरीला सांगा, वेणी घालताना रडायचं नाही." आई परत आली नाही, येणार नव्हती, हे पुढे कळायचं ते कळलंच. पण जाताना तिला माझी वेणी आठवली, या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली.

ती चिठ्ठी तुमच्या पत्र्याच्या डब्यात आहे, जुन्या रेशनकार्डाखाली. भाजीवाल्याच्या काट्यावरही संशय घेणारी मी, पण ती कधी उघडली नाही. आज सकाळी उघडली. दोन ओळी आहेत, दोन्ही तुमच्यासाठी. त्यात मी नाही, वेणी नाही. तुमचा फार राग आला, अण्णा. मग आठवलं, रोज शाळेआधी वेणी तुम्हीच घालायचात, ओढून, वाकडी, तोंडात रिबीन धरून. केस ताणले जायचे, डोळ्यांत पाणी यायचं, पण मी रडत नसे. आईनं सांगितलं होतं ना.

हा कागदही आता त्याच डब्यात ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. काल ती अक्षरं पडद्यावर आली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काय लिहिलंय गं?" नवरा तोंड उघडणार, त्याच्या आधी माझ्याच तोंडून गेलं, "मुलीला ताप आहे, औषध आणायला जाते म्हणते." पुढे त्यांना डुलकी लागली, आणि पिक्चर संपल्यावर दचकून उठल्या.

"आली का गं ती?"

"आली, आई. तुमचा डोळा लागला होता तेव्हा."