कालवांची भिंत

३ जानेवारी
आले एकदाची कोल्हापुरात. माझं पहिलं स्वतंत्र काम! रंकाळ्याच्या काठावर नवं कलादालन, आणि आतली सगळी सजावट समुद्राची. मालक विजयसिंह जोरदार माणूस. म्हणाले, कोल्हापूरला समुद्र न्हाय, तर आपुन आणायचा की. हौसेला मोल नसतं. निळं छत, ओल्या वाळूच्या रंगाची फरशी आणि समोरची अख्खी भिंत खऱ्या शिंपल्यांची, असं ठरलं. राहायला अक्काताईंकडे वरची खोली. आमच्यासारख्याच जैन, त्यामुळे जेवणाची चिंता मिटली. दिवस मावळायच्या आत ताट वाढून हाक मारतात.

९ जानेवारी
कोकणातून टेम्पो आला. पोती सोडली आणि मी नाकाला ओढणी लावली. मी धुतलेले, रिकामे शिंपले सांगितले होते. हे सगळे बंद, आत कालवं तशीच. गणपतराव गवंड्यांनी एक फोडून दाखवला. आत शेंबडासारखा गोळा, आणि तो आक्रसला. जन्मात अंडं शिवलं नाही मी. परत पाठवा म्हटलं, तर विजयसिंह म्हणाले की उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्यात, वाळतील आपोआप. पहिलंच काम हातचं जाईल म्हणून पोती आत घ्यायला लावली. संध्याकाळपर्यंत सगळे ओल्या गिलाव्यात बसवून झाले.

१४ जानेवारी
वाळले नाहीत. भिंतीला बोट लावलं की चिकट तार सुटते. वास कुजका असता तर परवडला असता. हा ताजा आहे. गणपतराव म्हणाले, म्याडम, ही भित जिती हाय, दुपारची तोंडं उघडतीया. मी हसण्यावारी नेलं. हात साबणाने चोळचोळून धुतले, तरी बुळबुळीत लागतात.

१७ जानेवारी
गणपतराव भिंतीला तोंड लावून उभे होते. डोळे मिटून चोखत होते, हनुवटीवरून ओघळ चाललेला. हाक मारली तरी ओशाळले नाहीत. तोंड पुसून म्हणाले, घरचं समदं अळणी लागतंय आता. शिसारी आली मला. विजयसिंहांना सांगायला धावले, तर त्यांच्या मिशीलाही तेच चिकटलेलं.

१८ जानेवारी
अक्काताईंची आमटी अळणी लागली. मीठ मागितलं. पुन्हा मागितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीला तोंड लावलेलं नाही. नुसतं बोट लावलं होतं, आणि तेच बोट जेवताना— शी.

२० जानेवारी, सकाळ
सामान बांधलं. काम गेलं तर गेलं. जीव तोंडात घालायचा नाही, एवढं तरी माझं राहू दे. आराखडे दालनात राहिलेत. तेवढे घेते आणि लगेच घरची, सांगलीची गाडी—

दुपार
खोलीत आहे. कडी लावलीय. आराखडे आणले नाहीत. सगळे शिंपले उघडे होते. मी फक्त जवळून बघितलं— एवढंच—

तोंडात आहे ते. मऊ. गार. चावलेलं नाही, देवाशपथ. थुंकायला मोरीवर गेले आणि तशीच परत आले.

अक्काताईंनी जिन्यात माझी हनुवटी बघितली. आता दार बडवताहेत. रडताहेत. म्हणतात, अगं पोरी, थुक की ते, म्या कुनाला सांगत न्हाय. थुंकायला हवं. किती घाण आहे हे. थुंकायला— पण आत्ता हललं ते, जिभेवरून घशाकडे सरकतंय, आणि मी त्याला वाट करून