चांगुणाची जागा

प्रिय आये,

तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे. सगळ्या मिठागराशी भांडून तूच मला चौथीपर्यंत शाळेत धाडलंस ना, मग आता ऐकून घे!

परवा तुझ्या नातीची, माझ्या सखूची हळद आहे. तिच्या बांगड्या आणायला काल उरणच्या बाजारात गेले होते. चहाच्या हॉटेलात फोनो लावला होता, कर्ण्यातून कुणी बाई गात होती. मी आपली पुढे चालले होते आणि पाय जागीच थांबले. आये, ते तुझं गाणं होतं!

तुझंच, पण कसं गं ते! मागे कुणी लागल्यासारखं पळत सुटलेलं. तुझा खारा बांध जाऊन तिथे सोन्याचा बांध आला होता, हळदीच्या पाटीत फुलं भरली होती. तेही मी सोसलं असतं. पण "माजी" म्हणून तू थांबायचीस ना, तिथे त्यांनी क्लॅरोनेट घातलंय. ते दोन गिरक्या घेतं, मग बाई म्हणते "नवरी". त्या गिरक्यांवर हॉटेलातली पोरं शिट्ट्या मारत होती. मालक मला म्हणाला, "काय गो मावशे, झ्याक हाय ना गाना? मदला वाजाप तं लय भारी!"

मी मान हलवली आणि बांगड्या न घेताच घरी आले. त्याला काय सांगणार होते? ती माझ्या बहिणीची जागा आहे म्हणून?

चांगुणाताईचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात तू हे गाणं बांधलंस. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन खाडीतल्या मचव्याकडे जाताना एक ओळ, रिकामी टोपली घेऊन परत येताना दुसरी. बाया तुला चिडवायच्या, "जिवले, लगीन पोरीचा हाय का गान्याचा?" तू त्यांच्यावर खेकसायचीस आणि पुन्हा गुणगुणायला लागायचीस. दुसऱ्यांच्या मांडवात जन्मभर लग्नाचे धवले गायलेली धवलारीण तू. स्वतःच्या लेकीच्या हळदीला उसनं गाणं कसं चालेल?

खाऱ्या बांधावरून आली हलदीची पाटी गो
माजी चांगुणा नवरी उभी पानियाचे काठी गो

पहिल्यांदा म्हणून दाखवलंस तेव्हा ताई लाजून रांजणामागे जाऊन उभी राहिली होती. तिथून तिची नुसती वेणी दिसत होती. आठवतं का गं तुला?

हळद दळून झाली आणि ताईला ताप भरला. तो उतरलाच नाही. मांडवासाठी आणलेले बांबू कशाला वापरले गेले ते मी इथे लिहीत नाही. तू पाहिलंस, मीही पाहिलं. तिला खाडीच्या काठी नेलं. पानियाचे काठी! ते शब्द तुझेच होते, आये. त्यानंतर ते तुझ्या तोंडून निघाले तरी कसे?

पण निघाले. पुढच्या साली शेजारच्या घरी हळद होती आणि बाया तुला सोडेनात. "तांच गाना म्हन गो, तुज्या पोरीवानी पोर हाय ती." ज्या घरची हळद त्या नवरीचं नाव गाण्यात घालायचं, ही आपल्याकडची रीत. मी तुझा पदर धरून बसले होते. तू "माजी" म्हणालीस आणि थांबलीस. दुसऱ्या पोरीचं नाव तुझ्या तोंडात येईना, आणि मेलेल्या पोरीचं हळदीत घ्यायचं नसतं. तुझा श्वास अडकलेला मला पदरातून कळला. मग "नवरी" म्हणालीस आणि पुढे गेलीस.

बायांना वाटलं, चालच तशी आहे! मागून म्हणताना त्याही सगळ्या तिथे थांबल्या.

मी जरा मोठी झाले आणि एका हळदीत गायला बसले, तेव्हा रीतीप्रमाणे नवरीचं नाव घातलं. एका म्हातारीने माझ्या मांडीला चिमटा काढला. "आयशीवानी थांबून म्हन! चाल चुकतंस!" तू समोरच होतीस. तू काहीच बोलली नाहीस.

पोरी लग्न होऊन जिकडे गेल्या तिकडे गाणंही गेलं. माझी जाऊ तळे गावची, ती "डोंगराच्या वाटेवरून" म्हणते. श्रीवर्धनकडच्या बाया "पोफळीच्या बागेतून" म्हणतात. ज्या गावचं जे असेल ते पहिल्या ओळीत शिरतं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. गाणं म्हटलं की ते सासरी जाणारच. पण मी जिथे जिथे ऐकलं, तिथे तिथे बाया "माजी" म्हणून थांबतात. कुणासाठी थांबतो, ते मात्र एकीलाही ठाऊक नाही. मग बोटीत बसून गाणं मुंबईला गेलं, तिथे कुणाला तरी ती जागा रिकामी दिसली आणि त्याने ती भरून टाकली. त्याला मी काय दोष देऊ?

दोष मी तुला देते. तू का सांगितलं नाहीस? घरातही तिचं नाव बंद केलंस. एकदा मी "चांगुणाताईचा परकर" एवढंच म्हटलं, तर तू भरल्या ताटावरून उठून गेलीस. मग मीही गप्प बसायला शिकले, इतकी की माझ्या लेकीला मावशी होती हे तिला कधी कळलंच नाही. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली, सारा मुलूख मिठाबद्दल बोलत असताना, जन्मभर मीठ वाहिलेली तू मुकाट्याने गेलीस. शेवटी तरी तिचं नाव घेशील म्हणून मी तुझ्या तोंडाशी कान नेला. तू पाणी मागितलंस. फार रडले गं मी तेव्हा, आणि रागही आला होता. तो अजून थोडा आहे.

काल घरी आले तर सखूच्या मैत्रिणी तेच गाणं बसवत होत्या, अगदी फोनोसारखं. मधल्या जागी एक पोरगी तोंडाने पिपाणी वाजवत होती. मी ओरडले, "बंद करा तां!" आणि तिथेच खाली बसून रडायला लागले. पोरी घाबरून घरोघर पळाल्या. सखूला मी सगळं सांगितलं.

तिने पदराने माझे डोळे पुसले. मग म्हणाली, "मांडवात देवांना आवतान देतंस, पितरांना देतंस. माजे मावशीला न्हाय?"

"हलदीत मेलेल्या पोरीचा नाव घेत न्हाईत गो. अवलक्षन हाय तां."

"हलद माजी हाय ना? मग घे."

तुझीच नात!

तर आये, तुला वचन देते. परवा मी तुझंच गाणं म्हणणार, तुझ्याच संथ चालीत, खाऱ्या बांधावरून. त्या जागी थांबणार नाही, सखूचं नावही घालणार नाही. चांगुणा म्हणणार. तिची हळद अजून लागायची राहिली आहे. बाया म्हणतील, चाल चुकली. म्हणू देत!

भीती एकच वाटते. मी तुझी लेक आहे. "माजी" म्हटल्यावर माझाही श्वास तिथेच अडकला तर? तसं झालं तर आये, या खेपेला गप्प राहू नकोस. नाव तू घे.

तुझी,
बारकी