माझा अतिनील डोळा

३ मार्च.
काल उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. आज पट्टी निघाली. दवाखान्याची पांढरी भिंत निळसर-जांभळी दिसली! डॉक्टरांना गाठलं. म्हणाले, डोळ्यातलं भिंग अतिनील किरण अडवतं. ते काढलं की काहींना दिसतात. पण तुम्हाला नवीन भिंग बसवलंय, तेही अडवतं. हे शेवटचं जरा घाईत म्हणाले. का?

४ मार्च.
निश्चय : ही शक्ती कोणालाही सांगायची नाही.
दुपारी बायकोला सांगितलं. आधी डोळ्यात थेंब घाला म्हणाली.

६ मार्च, संध्याकाळ.
चाचणी. बेकरीतल्या माश्या मारायच्या मशीनची ट्यूब लख्ख जांभळी दिसली. सिद्ध! बायको म्हणते, मलाही दिसते. तिचं ऑपरेशन झालेलं नाही. म्हणजे खोटं बोलते.

९ मार्च.
कामावर हजर. एकोणतीस वर्षं या रंगाच्या दुकानात नुसत्या नजरेनं रंग जुळवतोय. मालक आता मशीन आणायचं म्हणतात. आणा खुशाल. माझ्या डोळ्यापुढे मशीन काय टिकतंय!

१० मार्च.
काउंटरवरच्या बाईंचं लक्षण ठीक नाही. मी मिसळलेला प्रत्येक डबा मागच्या खोलीत नेतात. विचारलं, तर झाकण घट्ट करते म्हणाल्या. माझ्यासमोर घट्ट होत नाही का? कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ मार्च.
सापडलं! मागच्या खोलीत छटा बदलायच्या निळ्या स्टेनरची अर्धी बाटली. माझ्या रंगात भेसळ! मला बदनाम करून मशीन आणायचा डाव. पण १ तारखेला मिसळलेला पांढरा डबा माझ्या टेबलाखालीच आहे. त्याला बाईंचा हात लागलेला नाही. उद्या मालकांसमोर उघडतो.

१३ मार्च.
उघडला. गिऱ्हाइकाचा नमुना, कपाटाच्या दाराचा तुकडा, शेजारी धरला. तुकडा पांढरा. माझा रंग पिवळट. चांगलाच पिवळट.
 बाईंनी निळ्याचे आठ थेंब टाकले, ढवळलं. जुळला.
कधीपासून, मालकांनी विचारलं. चार वर्षं, बाई म्हणाल्या. काकांना वाईट वाटलं असतं, म्हणून बोलले नाही.
वाईट वाटलं. फार वाटलं.
सगळे गेल्यावर झाकणाला लागलेला माझा जुना रंग तुकड्याशेजारी धरला आणि उजवा डोळा मिटला. डाव्यानं दोन्ही अगदी एकसारखे दिसले.

१४ मार्च.
मशीन सोमवारी येतंय. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात.
ते जरा पुढे ढकलावं म्हणतो.