गाठ माझ्याशी

ता. ११ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू रडतेस आणि मग आजारी माणसालाच तुझी समजूत काढत बसावं लागतं. पत्र वाचून खुशाल रड. कागद तुझ्याकडचाच भिजेल.

माझ्या गळ्यात गाठ निघाली आहे. मला स्वतःला ती तोवर कधी दिसली नव्हती. बाजारात गुलाबांचा लिलाव पुकारताना मी मध्ये पाण्याचा घोट घेतला, तेव्हा समोर बोली लावणाऱ्या एका फूलवालीला माझ्या गळ्यात काहीतरी वर सरकून खाली आल्यासारखं दिसलं. तिने सांगितलं तेव्हा मला वाटलं, बाई माझं लक्ष उडवून भाव पाडते आहे. घरी आरशासमोर पाणी प्यायले आणि दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला.

सोनोग्राफी झाली, मग सुई घालून गाठीतल्या पेशी काढल्या. निकाल आला तो ना धड इकडचा ना तिकडचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पेशी वाईट दिसत नाहीत, पण चांगल्या आहेत असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. मी विचारलं की मग मी काय समजायचं, तर म्हणाल्या की तूर्त काहीच समजू नका. अशा निकालाच्या चारजणींपैकी तिघींचं पुढे काही निघत नाही म्हणे. मला आपली चौथीच दिसायला लागली.

आता तीन महिन्यांनी पुन्हा सुई, नाहीतर सरळ ऑपरेशन करून अर्धी थायरॉइड ग्रंथी काढायची आणि मग तपासायची. पण आवाजाची नस तिथूनच जाते. बहुतेकींचा आवाज शाबूत राहतो, काहींचा घोगरा होतो. माझं सगळं पोट त्या आवाजावर चालतं, म्हणून मी थांबायचं ठरवलं आहे.

आमचे हे आणि तू, दोघांनाच माहीत आहे. बाजारात कुणाला कळता कामा नये. तिथे मी शिंकले तरी शेवंतीचा भाव उतरतो.

तुझ्या कारखान्यातली कापडं सरळ कापली जावोत आणि तुझी माया आहे तशीच राहो.

तुझी,
ताई


ता. १९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तू म्हणालीस तसंच झालं. कटिंगच्या टेबलावर मी एक अख्खी बाही उलटी कापली. मुकादमांनी विचारलं तर डोळ्यांत धागा गेला म्हणून सांगितलं.

ताई, तीन महिने थांबायचं हे मला पटत नाही. गाठ आहे तर काढून टाकावी. आवाजाचं काय घेऊन बसलीस? जीव राहिला तर आवाज. आणि रोज पहाटे उठून घसा फाडायचा, हे अशा वेळी बरं का? भाऊजींचा काल फोन आला होता. बिचारे फार खचलेत. म्हणाले की तुझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. मी म्हटलं, आमचंही लहानपणापासून कधी चाललं नाही.

मी येणार होते, पण गणवेशांची मोठी ऑर्डर आहे आणि रजा नाकारली. उंटावरून शेळ्या हाकते आहे असं म्हणशील. म्हण. पण माझं ऐक आणि ओरडणं थांबव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. ३ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

काल नेहमीसारखी बाजारात गेले, तर माझ्या चौथऱ्यावर आमच्या पेढीच्या मालकांचे जावई उभे. हातात कर्णा. मला वाटलं कर्ण्याची चाचणी चालली असेल. मालकांनी मला ऑफिसात नेलं, खुर्ची दिली, पंखा लावला. एवढा मान मला आजवर मिळाला नव्हता, तेव्हाच ओळखलं. म्हणाले की बरं वाटेपर्यंत विश्रांती घ्या, जागा कुठे पळून जात नाही. मी विचारलं की मला काय झालंय. ते म्हणाले की तुमचे यजमान येऊन सगळं सांगून गेलेत, तुम्ही संकोच करू नका. बाहेर आले तर हमालसुद्धा माझ्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघत होते.

घरी येऊन ह्यांना जाब विचारला. हे चष्म्याची काच पुसत बसले होते. वर न बघता म्हणाले की तुझ्याच भल्यासाठी केलं. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, तसलं हे भलं! गाठ गळ्यात आहे, आणि कापून काढली ती माझी नोकरी. मी फार बोलले. तेव्हा म्हणाले की मी एकट्याने ठरवलेलं नाही, धाकटीनेच सुचवलं.

खरं आहे का ते? लांबण लावू नकोस. हो किंवा नाही एवढंच लिही.

ताई


ता. १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो.

तू एवढंच लिहायला सांगितलंस, पण माझ्याने राहवत नाही. भाऊजींनी विचारलं की हिला थांबवायचं कसं, तेव्हा मीच म्हटलं की मालकांच्या कानावर घाला, ते सांभाळून घेतील. ते तुझी जागा दुसऱ्याला देतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तुला आधी विचारलं असतं तर तू ऐकलं असतंस का? आई गेल्यावर मला तुझ्याशिवाय कोण आहे? या भीतीने मी काय बोलले ते बोलले.

आज तुला आम्ही वैरी वाटतो. पण उद्या तपासणीत काही वाईट निघालं, तर तुलाच वाटेल की वेळेवर थांबवलं ते बरं झालं.

पाया पडते, पुढच्या सुईच्या वेळी मला बोलाव. रजा नाही दिली तर नोकरी सोडून येईन.

तोडू नकोस एवढंच मागते.

तुझी,
धाकटी


ता. २७ मे

चि. धाकटीस,
अ. आ.

तुला बोलावलं नाही. ह्यांनाही नेलं नाही. दुसरी सुई झाली आणि निकाल पुन्हा तसाच अधांतरी आला. मग त्याच पेशी आणखी एका तपासणीला पाठवल्या, जनुकांच्या. तिचा निकाल परवा आला. धोका फार कमी आहे. ऑपरेशन आत्ता नको, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी आणि मग बघत राहायचं. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या की आता मोकळेपणाने जगा.

तिथून तशीच बाजारात गेले. मालकांनी अभिनंदन केलं. म्हणाले की जावई आता रुळलेत, व्यापाऱ्यांनाही कर्ण्याची सवय झाली आहे, त्यांना उठवलं तर घरात वाईट दिसेल. तुम्हाला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही. म्हणून मी आता मागच्या खोलीत खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. कर्ण्याचा आवाज तिथपर्यंत येतो. जावईबापूंना घाई फार. 'एक वार, दोन वार' म्हणून झाल्यावर जरा थांबायचं असतं, समोरच्याच्या मनात चलबिचल होऊ द्यायची असते, तिथेच भाव चढतो. ते थांबतच नाहीत. मी चिठ्ठ्या चिकटवते.

निकाल सांगितला तेव्हा ह्यांचा चेहरा आधी उजळला. खरंच उजळला, खोटं कशाला बोलू. पण पाठोपाठ डाव हरलेल्या माणसासारखा पडला, कारण आता त्यांनी जे केलं त्याला काही कारणच उरलं नाही. मग म्हणाले की बसून करायचं काम मिळालं, हेही बरंच झालं. मी उठून दिवा बंद केला आणि कूस बदलून झोपले. तू लिहिलं होतंस की वाईट निघालं तर मला तुमचं पटेल. वाईट निघालं नाही, धाकटे. माझा आवाज ठणठणीत आहे. ज्यांनी मला वाचवलं, त्यांना तो ऐकवायची इच्छा होत नाही एवढंच.

तुमच्या मनात पाप नव्हतं हे मला समजतं. पाप असतं तर सोपं गेलं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

नोव्हेंबरमध्ये सोनोग्राफी आहे. तारीख मी घरात सांगणार नाही आणि तुलाही कळवणार नाही. निकाल काहीही येवो, तो आधी माझ्यापाशी राहील. कुणाला सांगायचा आणि कधी, ते मी ठरवीन. तोवर मी बरी आहे असंच समज. विचारू नकोस.

लोभ आहे. तो आटलेला नाही, पण इतक्यात त्याला हात लावू नकोस.

तुझी,
ताई